बसल्या बसल्या मन्नाएखेळ्ळी

...आता ह्याला व्यायाम म्हणायचा का हो? तुमीच सांगा! माणूस खुर्चीत बसलेला, पाठ टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले, समोर टीवीवर कुणीतरी बाई कानडीत तुरीवरच्या अळीचं सांगायलीय, अन् खाली दोन पाय आपले चालायलेत, चालायलेत... टाच वर, टाच खाली, घोटा गरागरा! सैपाकघरातनं सत्यभामाबाई ओरडायलीय, "अहो, भाकरी निवायलीय, या की!" तर हे उद्धवराव डोळे न उघडता म्हणायलेत, "आलो, आलो, आत्ताच बिदरभाईरचं नौबाद सोडलंय!" ऐका! खुर्ची तिथंच, माणूस निघाला!

तुमाला सांगतो, हे उद्धवराव म्हंजे बिदरच्या एका हापिसातले कारकून. सगळा जन्म बसण्यात गेला. बसून फायली, बसून चहा, बसून झोपबी! पाय सुजून चपलेच्या पट्ट्यातनं असे वर यायचे, जसं काय पुरी तेलात पडलीय. गुडघ्यांचं तर इचारूच नका. एक दिवस नवे सायेब आले, सगळं हापिस धडाधडा उभं राह्यलं... अन् उद्धवराव? बसलेलेच! उठायलेत हो, मनातनं तर कवाच उठलेत, पण गुडघे म्हणायलेत, तुमी व्हा पुढं! सायेब चष्म्यातनं बघून म्हणले, "याकप्पा, एळाक बरल्लेनु?" म्हंजे, का रे बाबा, उठायला येत न्हाई का? आता सायबानं असं इचारल्यावर माणूस काय करंल? उद्धवरावांनी टेबलाला धरून असा जोर लावला, असा जोर लावला... की उद्धवराव जागच्या जागी, अन् टेबल सायबाच्या पोटावर!

मग काय, गेले डाक्टराकडं. डाक्टर पक्का बिदरचा, पान जमवीत म्हणतोय, "अरे साब, दौड़ने कू कौन बोल रा? बैठे बैठेच करो ना! एड़ी उठाव, एड़ी डालो, टखना घुमाव, पाँव सीधा करके जरा थामो. हापिस में करो, टीवी के सामने करो. तुम्हारी खुर्ची कोई नै छीनता!"

उद्धवराव खूश! टाच वर-खाली, घोटा गरागरा, पाय सरळ... सगळं बसून करायचं औषध! दुसऱ्या दिवशीच हापिसात टेबलाखाली सुरू. भीमण्णा शिपाई चहा ठिवायला वाकला, तेवढ्यात टेबलाखालनं पाय आला सरळ... चहा फायलीवर, फाईल भीमण्णावर! "रावसाब, लाथ कामून मारायलाव?" "लाथ न्हाई बाबा, औषध हाय!"

पण खरी गंमत हापिसात न्हाई, ती सांजच्याला, टीवीम्होरं. वरनं बिदरच्या एअरफोर्सचं विमान गेलं की पडद्यावर नुसत्या मुंग्या, बाईचा आवाज कुठं लांब लांब जायचा... अन् घोटे फिरता फिरता उद्धवरावांना वाटायचं, अरे, हे तर सायकलीचं पायडल! मग काय हो... खालची फरशी गेली, तांबडी वाट आली. दोन्हीकडनं तुरी फुललेल्या, वारा शर्टात शिरायलाय, अन् मागं क्यारेजवर कोण? चांगुणाअक्का! थोरली बहीण, मन्नाएखेळ्ळीत, ह्यांच्या गावातच वाढलेली अन् तिथंच दिलेली. वेणी उडायलीय, एका हातानं भावाचा सदरा धरलाय, अन् वरडायलीय, "जोरात रे उद्ध्या, जोरात!" उद्धवरावांचे पाय असे फिरायचे, असे फिरायचे की खुर्ची करकरायची. खुर्ची तिथंच, माणूस निघाला!

आता तुमी म्हणाल, एवढी बहिणीची आठवण येतीय तर बस कामून धरत न्हाईत? तिथंच तर अडलंय! अक्काच्या लेकीचं लगीन व्हतं, अन् हापिसात फायलींचा ढीग. उद्धवराव गेले न्हाईत. अक्कानं निरोप धाडला, "लग्नाला तुझे पाय माझ्या दाराला लागले न्हाईत, आता लागूबी नगंत." झालं! तवापास्नं ना ती बिदरला आली, ना हे तिकडं गेले. नुसतं खुर्चीतनं जायचं. रोज वेशीपातुर जायचं, रोज दारापातुर जायचं... अन् दार काय उघडायचं न्हाई. घोटे थांबायचे. टीवीवरच्या मुंग्या दिसायच्या.

एके सांजला सत्यभामाबाई ताट घेऊन आली, तर हे झोपेत पुटपुटायलेत, "अक्का... दार उघड की गं..." तिनं ताट खाली ठिवलं. कट्कन टीवी बंद केला. "अहो, सपनातल्या दारावर किती दिस डोकं आपटायलाव? खरं दार बसच्या वाटंवर हाय. उद्या ऐतवार, जायचं!"

"अन् तिनं हाकलून दिलं तर?"

"तर परत येऊ. खुर्ची कुठं पळून जायलीय?"

गेले बुवा दोघं! बसमधी बसल्या बसल्या टाचा चालूच. शेजारचा म्हातारा म्हणतोय, "पाहुणे, गाडीला इंजान हाय, तुमी नगा मारू पायडल!" पण उद्धवराव कुठं ऐकायलेत? खिडकीतनं तीच वाट, त्याच तुरी... फक्त क्यारेजवर कुणी न्हाई.

उतरले. चालले. अन् तुमाला सांगतो, पाय चालले हो! हळू, पण चालले! ओसरीवर चांगुणाअक्का सुपात डाळ निवडत बसलेली. केस पांढरे सफेद. हे उंबऱ्याबाहेरच उभे. अक्कानं तोंडाकडं बघितलंच न्हाई, पायाकडं बघितलं.

"सुजलेत की रे."

"व्हय."

"तांब्यात पाणी हाय. धू, अन् वर ये."

उद्धवरावांनी पाय धुतले, तेवढ्याच पाण्यात डोळेबी पुसून घेतले. वर आले तर अक्का जागची हललीच न्हाई. म्हणली, "उठले असते रे, पण गुडघे उठू देत न्हाईत. बिदरला यायचं लई मनात यायचं. बसची पायरीच चढवंना."

"मला वाटलं, तू रागात हायस."

"व्हते की! पण हे दगडासारके गुडघे टिकले न्हाईत, अन् राग टिकंल व्हय रे, यड्या?"

मग उद्धवराव शेजारी टेकले. म्हणले, "अक्का, बसल्या बसल्याच कर. अशी टाच वर... अशी खाली... घोटा फिरव..." अक्का आधी लाजली, मग तिचाबी पाय सुटला. सूप बाजूला सरकलं. दिवस कलला, गुरं घराकडं यायलीत, धुळीत सोनं मिसळलंय, अन् ओसरीच्या कडेला चार पाय लोंबत फिरायलेत. दोघांचे डोळे मिटलेले. अक्का हळूच इचारती, "कुठवर आलो रे?" उद्धवराव म्हणत्यात, "वेशीवरच्या चिंचंपातुर..." "जोरात रे उद्ध्या!" ओसरी तिथंच, माणसं निघाली!

सत्यभामाबाई दारात उभी राहून बघायलीय. मोठ्यानं हसावं का डोळे पुसावं, तिला कळंना. शेवटी पदर खोचला अन् म्हणली, "बरं, बहीणभाऊ एवढ्या लांब निघालाव, चांगलंच हाय... पण चहाला चुलीपातुर कोण जाणार? मीच!"