वर्षाच्या आत कुंडी बदलली

१९६३च्या फेब्रुवारीत बंगलोरला लालबागेसमोर बसच्या रांगेत नीरजा उभी होती. आई गेल्यापासून आईचा कुंडीतला मोगरा पिवळा पडत चालला होता. वर्षश्राद्धापर्यंत आईच्या वस्तू हलवायच्या नाहीत असं घरात ठरलेलं, म्हणून नीरजा नुसतं पाणी घालत होती. पुढे उभ्या असलेल्या दोन वयस्कर बहिणी मराठीत बोलत होत्या.

“अक्का, भावजींच्या गुलाबाची कुंडी फोडलीस म्हणे?”

“फोडली. रोप सुटेचना.”

“वर्ष व्हायच्या आत?”

“मुळं आतल्या आत गोल गोल गुंडाळलेली. माती उरलीच नव्हती. घातलेलं पाणी तसंच खालून बाहेर. मला वाटायचं, माझ्याच हाताला गुण नाही.”

“मग?”

“मुळं सोडवली, स्वल्प कापली, मोठ्या कुंडीत लावलं.”

“कापली? भावजी ओरडले असते.”

“ते स्वतःच कापायचे. मी तेवढा चहा नेऊन द्यायची.”

“जगलं का?”

“थोडे दिवस रुसलं. परवा कोंब आलेत.”

“आणि वर्ष पाळायचं ते?”

“मी पाळतेय की. गुलाबाला कशाला पाळायला लावू?”

बस आली. रांग पुढे सरकली.

“अक्का,” नीरजा म्हणाली, “मोगऱ्यालाही असंच करायचं का?”

“मराठी का गं तू? तसंच. मूळ कापताना भिऊ नकोस.”

“मोठी कुंडी कुठं मिळेल?”

“त्या फाटकापाशी कुंभार बसतो. पण बस जाईल तुझी.”

“जाऊ दे,” नीरजा म्हणाली, आणि रांगेतून बाहेर पडली.