बैलगाडीवरचं ऊन

मंडळी, ऐका! एक विचारू? दर्शनासाठी आपण तासन्‌तास रांगेत उभे राहतो. गाभाऱ्यापाशी पोचलो, देव समोर आला — की काय करतो? डोळे मिटतो! अहो, मग बघायचं कधी? हसू नका. मीही मिटतोच.

उंबरवाडीच्या भिवराक्कांची गोष्ट सांगतो. गाव पायथ्याशी, डोंगर मावळतीला. अक्कांची नजर अधू झालेली. दुपारचं ऊन डोळ्यांत सुया टोची, अन् सावलीतलं माणूस म्हणजे नुसता धूर! दिसे ते फक्त उतरत्या, पिवळ्या उन्हात. एकुलत्या एका लेकीचं, वेणूचं लग्न ठरलं, तशा नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, लग्न अंगणात लावा, कलत्या उन्हात. मुंडावळ्या बांधलेली वेणू एकदा बघू दे मला. मग कुठली दिसायला?"

रखमाजी मायेचे. गुरुजींकडून गोरज मुहूर्त काढून आणला — पंचांगात सूर्यास्त बघून! आता सांगा, पंचांगातल्या सूर्याला डोंगर असतो का? उंबरवाडीत ऊन घटकाभर आधीच जातं! जन्म डोंगराखाली गेला, पण पंचांग उघडलं की माणूस खिडकीबाहेर बघतच नाही!

लग्नाचा दिवस. अंतरपाट धरला. मुहूर्ताला अवकाश, म्हणून मंगलाष्टकं लांबवायची — आत्याबाई तर वहीच घेऊन आलेल्या! नवरा बिचारा हार धरून उभा! आणि अक्का? अंगणाच्या कडेला, मांडवाकडे पाठ, तुळशीला पाणी घालताहेत. रीतच ना — अक्षता पडताना आईनं बघायचं नाही! पडून झाल्या, की वळून लेक बघायची!

सावली सरकत आली. तुळशीच्या पायरीवर... अक्कांच्या हातावर. हातातला तांब्या दिसेना. हलक्या आवाजात अक्का गुणगुणल्या —

*दिस कलला गं बाई, सावली आली दारी,*
*थांब सूर्यनारायणा, लेक माझी बोहल्यावरी!*

आत्याबाई श्वास घ्यायला थांबल्या होत्या. तेवढ्यात ती ओवी वेणूच्या कानी गेली. तिनं खाली पाहिलं. पायांवरचं ऊन गेलेलं!

"आत्या, जरा थांब."

"अगं बाई! बोहल्यावर नवरी बोलते होय?"

"गुरुजी, मुहूर्ताला वेळ आहे ना?"

"आहे पोरी, घटकाभर."

शालू सावरत वेणू निघाली! तुळशीपलीकडे वऱ्हाडाची बैलगाडी उभी होती. जमिनीवरचं ऊन गाडीच्याही वर चढलेलं. वेणू चाकावर पाय देऊन गाडीत चढली, उभी राहिली.

"आई, वर बघ!"

"नको गं, रीत मोडेल."

"अक्षता पडल्यात कुठं अजून? बघ ना, ऊन चाललंय!"

अक्कांनी मान वर केली. पिवळं ऊन. मुंडावळ्या. हळदीची हनुवटी. नथ.

"काजळ पसरलंय गं तुझं..." एवढंच बोलल्या.

सावली हनुवटीवर आली... कपाळावर... आणि वेणूचा धूर झाला.

अक्कांनी मांडवाकडे पाठ तशीच ठेवली, हातातला तांब्या चाचपून तुळशीला पुन्हा पाणी घातलं. वेणू बोहल्यावर परतली, लग्न लागलं. लेक त्याच गाडीतून गेली. पुढं रोज त्या वेळी अक्का तिथं उभ्या राहत. गाडी नाही, वेणू नाही. मान मात्र वर — ऊन जिथं शेवटी गेलं, तिथं!

मंडळी, तुमच्याही उंबऱ्यात कुणी उभं असेल. आपण मात्र आपल्या वह्या वाचतोय, अजून वेळ आहे म्हणतोय! पंचांगात असेल हो वेळ. डोंगराला विचारलंत का? आज माझं आख्यान इथंच थांबवतो. जाताना विठोबापुढे उभे राहाल — तेव्हा डोळे मिटू नका. आणि घरी पोचलात, की तिथंही मिटू नका.

उठा. ऊन चाललंय.