लाल पेन्सिलीतून सुटलेलं वाक्य

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संशोधन केंद्राचे संचालकसाहेब, व्यासपीठावर बसलेले सैन्यदलातले मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे केंद्राच्या जनसंपर्क अधिकारी बाई आणि त्यांचे यजमान, प्रयोगशाळेतले सहकारी, आणि आमच्या भिंतीपलीकडच्या वस्तीतून आवर्जून आलेल्या शेजाऱ्यांनो,

मला बोलायला उभं केलंय यातच संयोजकांचा खट्याळपणा दिसतो. बाईंचं काम सांगणं, आणि मी सुरक्षा अधिकारी, माझं काम न सांगणं. इथल्या संशोधनाविषयी बाहेर जाणारा प्रत्येक शब्द आधी माझ्या टेबलावर येतो आणि जे जगाला कळू नये ते मी लाल पेन्सिलीने खोडतो. बाईंची इथली सारी वर्षं लिहिण्यात गेली आणि माझी ते खोडण्यात. असा माणूस निरोपाला काय बोलणार? अध्यक्षमहाराज, काळजी नसावी. हे भाषण मी आधीच तपासून घेतलंय, बरंच कापलंय.

बाईंची एक पद्धत होती. शास्त्रज्ञाने काही नवं केलं की त्या त्याला समोर बसवत, वाफाळता चहा मागवत आणि कपाला हात लावू देत नसत. "चहा गार व्हायच्या आत मला समजेल असं सांगा. समजलं की प्या." आमची मंडळी हुशार, पण 'प्रस्तुत प्रणालीच्या संदर्भात' अशी गाडी सुरू झाली की चहावर साय धरलीच म्हणून समजा. ज्यांनी ज्यांनी गार चहा प्यायलाय त्यांनी हात वर करा बघू. अरे वा, संचालकसाहेब, तुम्हीसुद्धा!

आता एक गोष्ट सांगतो. घाबरू नका, वरून परवानगी काढली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या चाचणीच्या मैदानावर रोज सकाळी स्फोट होत. पलीकडे काचा थरथरत, तान्ही मुलं दचकून उठत. आत काय चाललंय ते कुणालाच माहीत नव्हतं. मग लोक काय समजणार? त्यांनी मैदान बंद पाडायचं ठरवलं आणि शाळेच्या सभागृहात सभा बोलावली.

त्याच सुमारास माझ्या चौथीतल्या मुलीने जेवताना विचारलं, "बाबा, माझी मैत्रीण म्हणते, तुम्ही तिथे माणसं मारायचे बॉम्ब करता. खरंय का?"

मी म्हणालो, "ते सांगता येत नाही."

बायको म्हणाली, "अहो, निदान नाही तरी म्हणा!"

पण आमच्या कामाचा दंडकच असा की होही म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. आज 'नाही' म्हटलं, की उद्याच्या गप्प बसण्याचा अर्थ 'हो' होतो. हे पोरीला कसं समजावणार? तिने ताट उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर जेवेनाशी झाली.

इकडे बाईंनी सभेसाठी निवेदन लिहून माझ्याकडे पाठवलं. मी वस्तूचं नाव खोडलं, वजन खोडलं, कशापासून बनते ते खोडलं. त्यांनी पुन्हा लिहिलं, मी पुन्हा खोडलं. शेवटी त्या तरातरा माझ्या खोलीत आल्या. "साहेब, तुम्ही फक्त पूर्णविराम ठेवलेत! ते तरी का ठेवलेत?"

"नियम आहे, बाई."

"स्फोटाचा आवाजही खोडलात. आवाज गुप्त आहे? अख्ख्या वस्तीने ऐकलाय!"

मुद्दा बिनतोड होता. आवाज परत लिहिला.

मग त्या खुर्ची ओढून बसल्या. "आणि हे कशासाठी चाललंय, ते शत्रूला कळलं तर काय बिघडेल? त्यालाही पाय आहेतच ना?"

मी उठून संचालकसाहेबांकडे गेलो, त्यांनी वर फोन लावले, आणि सभेच्या दिवशी एका वाक्याला मंजुरी आली.

सभागृह खचाखच भरलेलं, लोक तापलेले. माझी बायको मुलीला घेऊन मागे बसली होती. बाईंनी टेबलावर एक साधा, फाटलेला बूट ठेवला आणि म्हणाल्या, "जमिनीत पेरलेल्या सुरुंगावर सैनिकाचा पाय पडला, तर असं होतं. आम्ही स्फोट करतो ते सैनिकांचे पाय वाचवणारे बूट तपासायला. आमचा बूट मी दाखवू शकत नाही, कारण ते तिथे बसलेले गृहस्थ दाखवू देत नाहीत." सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. कुठे तोंड लपवू असं झालं! पण लोक हसले, आणि हसल्यावर बोलायला लागले.

कडेवर बाळ घेतलेल्या एक ताई उठल्या. "पाय वाचवा, पण दुपारी वाचवा. सकाळी हा झोपतो." तेव्हापासून चाचण्या दुपारी होतात आणि आदल्या दिवशी फाटकावर सूचना लागते. इतक्या मोठ्या केंद्राचं वेळापत्रक एका तान्ह्या बाळाने बदललं! ते बाळ आज दुसऱ्या रांगेत बसलंय, चांगलं उंच झालंय. त्याच्यासाठी टाळ्या होऊ द्या.

मैदान वाचलं. पण बाई, त्या रात्री माझ्या घरी काय झालं ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. मुलगी ताट घेऊन बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. माझ्या पायाला पाय लावून जेवत राहिली. बाई, तुमच्या त्या एका वाक्याने माझी लेक मला परत मिळाली. तुमचे उपकार मी कुठल्या शब्दांत मानू?

संयोजकांचे, पाहुण्यांचे आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपलेही मनापासून आभार. बोलण्यात काही राहून गेलं असेल, तर ते माझ्या नोकरीमुळे. आणि काही जास्त बोललो असेन, तर ते बाईंवरच्या मायेपोटी, तेवढं पदरात घ्या.