सातचा पाढा

काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाची आई दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. सकाळपासून ती येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टरला वजन तेवढं विचारत होती. शेजारी दोन बायका येऊन टेकल्या, दुसऱ्या वॉर्डातल्या भाचीला भेटायला आलेल्या, अगदी एका चेहऱ्याच्या.

“आईच्या पोटात माझ्या वाटचं सगळं तूच खाल्लंस.”

“झालं हिचं सुरू!”

“खोटं आहे? बी एकच, पण तू निघालीस टरबूज आणि मी काकडी.”

“डॉक्टर म्हणालेच होते, ही जरा मागे राहील.”

“राहिलेच की. तुझे पाढे संपले तरी मी सातच्या पाढ्यातच अडकलेले.”

“आणि तुझ्याबरोबर मी! ‘दोघींना आल्याशिवाय कुणी उठायचं नाही,’ आईचा हुकूमच होता.”

“तुझं खेळणं बुडालं गं माझ्यापायी.”

“बुडू दे. तुला समजावता समजावता मलाच पक्कं समजलं. नाहीतर मी कसली गणिताची बाई होतेय!”

“आणि मी तरी कसली मापं घेऊन कापड बेततेय!”

दार उघडलं. “बाळाची आई? या, वजन सांगते.”

“वजन राहू द्या हो, सिस्टर,” ती लगबगीने उठली. “आधी मला त्याच्याशी बोलू द्या.”