कुठलं नेस?

...आणि वर मलाच म्हणतो, "वहिनी, नेस म्हणजे नेस!" अहो, नेस म्हणजे नेस कसं? तुम्हाला सांगते, नेस म्हणजे पाण्यात घुसलेलं जमिनीचं नाक, आणि आमच्या नॉर्वेच्या या पश्चिम किनाऱ्यावर नाकांना काय तोटा आहे? फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, दर वळणाला एक नाक, दर नाकावर एक शेतघर, आणि त्या शेतघराचं नाव... नेस! म्हणून मी घसा कोरडा करून सांगत होते, की बाबांनो, पूर्वजाचं जन्मस्थान लिहायचं तर पुरतं लिहा, शेत लिहा, चर्च लिहा, आणि मुख्य म्हणजे तो जन्मला तेव्हा ते कुठल्या हद्दीत होतं ते लिहा, आजची हद्द चिकटवू नका! नुसतं नेस? कुठलं नेस?

पण ऐकतो कोण! हा टॉर्लाइफ, म्हणजे माझा दीर, विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून घराण्याचा वंशवृक्ष करतोय. खापरपणजोबांचा भाऊ एन्द्रे, जन्म १८५९, नेस, हेलेस्विक चर्च. यानं ते कॉम्प्युटरवर घातलं, कॉम्प्युटरनं आजच्या नकाशातलं नेस दाखवून विचारलं, "हे का?" यानं म्हटलं, "हेच!" तुम्हाला सांगते, लग्नंसुद्धा त्यानं अशीच केली, दोन्ही!

आणि नेमकं तेच इंटरनेटवर बघून अमेरिकेहून मार्लिस आली की हो! एन्द्रेची नात, वय चौऱ्याऐंशी, गुडघे दोन्ही नवे. बाई नॉर्वेजियन बोलते, पण कसलं? आजोबांबरोबर जहाजात चढलेलं आणि तिकडे बरणीत मुरलेलं! टीव्हीला शब्द नाही, पण गाईच्या आजारांची नावं तोंडपाठ. विमानतळावर माझा हात धरून म्हणाली, "पोरी, मी बापाला शब्द दिलाय. आजोबांच्या जमिनीवर उभी राहीन आणि मूठभर माती त्याच्या थडग्यावर आणून घालीन." पासष्टाव्या वर्षी मला कोणी पोरी म्हटलं नव्हतं, मी तिथेच विरघळले.

गेलो नेसला. तिथला मालक योस्टाइन, एकटा जीव, आमच्या नात्याचा ना गोत्याचा, पण बिचाऱ्यानं वाफल केले होते, त्यावर तपकिरी चीज, कॉफीची किटली भरलेली. मार्लिस अंगणात उतरली, नव्या गुडघ्यांवर खाली बसली आणि जी रडली... जी रडली! टॉर्लाइफ रडला, योस्टाइनही रडला, त्याला कारणच नव्हतं! मीही पदर... आपलं, बाही डोळ्यांना लावली. मार्लिस डब्यात माती भरता भरता सांगत होती, "आजोबांना बारशाला नावेतून नेलं बघा, फियोर्ड ओलांडून. लाट आली आणि बाळ चिंब! पाद्री म्हणाला, अर्धं काम देवानंच केलंय, उरलेलं मी करतो."

मी हसले. आणि हसता हसता थबकले. कारण समोर चर्च होतं. अहो, समोर म्हणजे कुंपणाला लागून! अंगणात शिंकलं तर आतला पाद्री 'देव भलं करो' म्हणेल, इतकं! मग नाव कशाला? फियोर्ड कशाला? मी पलीकडच्या काठाकडे पाहिलं, आणि पाण्यात घुसलेलं... नाक! त्या काळी पलीकडचा काठही याच चर्चखाली होता हो! पुढे त्यांना स्वतःचं चर्च मिळालं, हद्द वेगळी झाली, आणि कॉम्प्युटरला ठाऊक फक्त आजचं हेलेस्विक!

मी टॉर्लाइफला कोपऱ्यात ओढलं. "कुठलं नेस?"

तोही पाण्याकडे पाहून पांढरा पडला. "वहिनी, तुमच्या पाया पडतो, गप्प बसा. म्हातारी रडून मोकळी झालीय."

योस्टाइननं ऐकलं. भला माणूस, लगेच म्हणतो कसा, "तेव्हा चर्चला जायला रस्ता नव्हता, नावच लागायची." कुंपणापलीकडे जायला नाव!

पण मला राहवेना. बापाला दिलेला शब्द, आणि माती भलत्याची? मी मार्लिसशेजारी बसले आणि सांगून टाकलं. बाई माझ्याकडे बघतेय, डब्याकडे बघतेय... म्हटलं, संपलं, आता हिचं काळीज थांबणार. ती म्हणाली, "म्हणजे मी तासभर परक्याच्या अंगणात रडले?" आणि असली हसली, असली हसली, की दातांची कवळी सांभाळावी लागली! "चल ऊठ, योस्टाइन, नाव काढ!"

निघालो चौघं. मध्यावर वारा सुटला, लाटा आत, मार्लिस नखशिखान्त भिजली आणि ओरडतेय, "आजोबा असेच आले!" टॉर्लाइफ विम्याचं काहीतरी पुटपुटत होता. पलीकडे पोचलो, आणि खऱ्या नेसवर काय असावं? बोगदा! हमरस्त्याचा! सुरुंग लावून सगळं नाक कापलेलं, घर नाही, शेत नाही, ट्रक घुसताहेत आणि ट्रक निघताहेत. उरला होता पाण्याकाठचा एक उतरता खडक, नावा लावायचा. मार्लिसनं त्यावर ओला तळहात ठेवला. एकही ट्रक त्या वेळी आला नाही, देवाशपथ!

मग म्हणाली, "खडक काय डब्यात मावत नाही. राहू दे हीच माती. चर्चच्या काठाला बारसं झालं, म्हणजे आजोबांची नाव टेकली होतीच की तिथे." आणि माझ्याकडे वळली, "पोरी, आता मला शिकव. ठिकाण लिहायचं कसं?"

काय सांगू तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं! परतताना नावेत, थंडीनं कुडकुडत, मी शिकवलं, आधी शेत, मग काठ, मग चर्च, तेव्हाची हद्द वेगळी, आताची वेगळी. बाई घोकत होती, योस्टाइन तिला स्वतःचा कोट पांघरत होता.

परवा योस्टाइनचा फोन. संकोचून म्हणाला, "ताई, मार्लिसच्या नातीच्या लग्नाचं आमंत्रण आलंय अमेरिकेहून, जाण्यायेण्याच्या तिकिटासकट. तुमचंच चुकून माझ्याकडे आलं असणार." आम्हाला? आम्हाला काही नाही हो, साधं कार्डसुद्धा नाही! म्हटलं, पाकिटावरचं वाचून दाखव. त्यानं वाचलं. योस्टाइन, नेस शेत, दक्षिण काठ, हेलेस्विक चर्च, आजचा तालुका, आजचा जिल्हा, आणि कंसात जुना जिल्हासुद्धा! एक काना नाही चुकला, एक मात्रा नाही! इतकं बिनचूक ठिकाण आमच्या अख्ख्या घराण्यात आजवर कोणी लिहिलं नव्हतं.

म्हटलं, "नाही रे बाबा, पत्ता बरोबर आहे. जाऊन ये."