विमानाने आलेला भाऊ

लहान भावावरचा माझा राग अजून उतरला नाही बघा. तो बंगळूरहून विमानाने दोन तासांत इंदूरला आला. आपल्या बुरहानपूरला विमान येत नाही, म्हणून मीच गाडी घेऊन त्याला आणायला गेले. घाटात ट्रक उलटलेला, जाममध्येच दुपार झाली. पोचले, तर हा म्हणतो, "ताई, हजार किलोमीटर मी दोन तासांत आलो. तुला एवढ्याशा रस्त्याला इतका टाइम?"

माझं डोकंच फिरलं. चावी त्याच्या हातात दिली. "आता तू चालव."

परतताना पुन्हा तोच जाम. बुरहानपुरात लालबागला घरी पोचलो तर आई दारातच उभी, त्याच्यासाठी सकाळपासून उपाशी.

"एवढा उशीर का रे?"

"आई, रस्ताच तसला आहे गं."

मी म्हटलं, "कळलं ना? आधी माझी माफी माग, मग ताटावर बस."