चौदा नंबरची बाटली

— नाही नाही, तक्रार नाही हो ताई, तक्रार कसली! बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे — मुलांना सांगतो, गुरुत्वमध्य शिकवायला मुद्दाम ठेवलंय. खरं म्हणजे मोडकंच आहे — इथे बसा, खिडकीपाशी. दुकान बंद करून आलात ना? शिवणाची घाई असते, मला कळतं. आमच्या शिबिराच्या मॅडमनी फोनवर घाबरवलं असेल, ‘मुलीबद्दल जरा बोलायचंय’ म्हणून. त्यांचा आवाजच तसा आहे, वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी माणूस दचकतो. मुलगी तुमची पलीकडच्या खोलीत आहे, भिंगांचा तास चाललाय, मजेत आहे. हुशार आहे हो. फारच हुशार. तेच बोलायचंय.

मी हे भांडं धुता धुता बोललो तर चालेल ना? उद्या समारोप आहे, सगळं चकचकीत लागतं. तर — उन्हाळी विज्ञान शिबिर म्हणजे काय, सांगा बरं? थांबा, मीच सांगतो. दहा दिवस, बावीस मुलं, हाताला काम, डोक्याला खुराक आणि घरी आयांना चार तास उसंत. ‘स्वतः करा, स्वतः पाहा’ — बाहेर फळ्यावर लिहिलंय बघा, अक्षर माझं. मुलं मला लिटमसकाका म्हणतात. का? तर म्हणे काका रागावले की लाल होतात. हसा, हसा, मलाही आवडतं ते. तीन वर्षं झाली मला इथे, आणि तीन वर्षांत एक प्रयोग फसलेला नाही. एक! मुलांनी केलेला ज्वालामुखी पालकांसमोर फुस्स झाला, असं कधी ऐकलंत? नाही ऐकणार. मी आदल्या दिवशीच व्हिनेगरची बाटली वेगळी काढून ठेवतो, कडक. लिंबावर दिवा लागला नाही, तर टेबलाखाली एक छोटा सेल असतो. अहो, लबाडी काय त्यात? पोराचा चेहरा उजळतो, आईचा उजळतो, मॅडमचा उजळतो. दिवा त्या मानाने कमीच उजळतो.

आता तुमची मुलगी. पहिल्याच दिवशी ज्वालामुखी फुटला, सगळी पोरं नाचायला लागली, आणि ही विचारते, ‘काका, आता माझ्या घरच्या व्हिनेगरनं करून बघू?’ मी म्हटलं, ‘बाळा, वेळ संपली.’ अकरा वाजले होते! बारापर्यंत तास असतो आमचा. मला वाटलं, जाईल, दोन दिवसांत सुधारेल. लिंबाच्या दिवशी ती टेबलाखाली वाकली. पेन्सिल पडली म्हणे. कसली पेन्सिल पडते हो? पेन्सिल तिच्या कानावर होती.

बरं, तेही चाललं असतं. पण पाण्याचा प्रयोग — आठवतंय ना, परवा तिनं घरून नळाचं पाणी आणलं होतं? आम्ही प्रत्येकाला एक छोटी बाटली दिली, आत औषधाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, वर आपल्या नंबराची चिठ्ठी चिकटवायची आणि दोन दिवस उबेला ठेवायचं. पाणी चांगलं असेल तर तसंच राहतं. खराब असेल, म्हणजे गटाराबिटाराचं काही मिसळलं असेल, तर काळं होतं. शाईसारखं. सोपा प्रयोग, मुलांना समजतो, आणि दर वर्षी बावीसच्या बावीस बाटल्या स्वच्छ निघतात, सगळे टाळ्या वाजवतात.

तर आज सकाळी आपल्याही निघाल्या. बावीसच्या बावीस. मॅडम खूश. उद्याचे प्रमुख पाहुणे पाणीखात्याचे मोठे साहेब आहेत ना, त्यांच्यासमोरच मांडायच्या आहेत त्या. आणि तेवढ्यात तुमच्या मुलीनं आपली बाटली उचलली, उलटी केली, बूड पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘काका, ही माझी नाही.’ म्हटलं, ‘अगं, चौदा नंबर तुझाच ना? बघ, चिठ्ठी आहे.’ तर म्हणते, ‘चिठ्ठी माझी आहे, बाटली माझी नाही. माझ्या बाटलीच्या बुडाला मी आईच्या नेलपॉलिशचा ठिपका लावलाय.’ — तुम्हाला माहीत होतं? नाही ना? विचारूनसुद्धा घेतलं नव्हतं म्हणजे. बघा! हेच मी म्हणतो, मुलांना वळण —

असो. मी म्हटलं, विज्ञानात चूक होते बाळा. तिनं वाद नाही घातला. वही काढली, लिहिलं, वही मिटली. आता ही तिची वही. उद्या सगळ्या वह्या मांडायच्या आहेत टेबलावर. हे पान वाचा. मोठ्यानं नको, मॅडम बाजूलाच आहेत. आणा इकडे, मीच वाचतो हळू: ‘बाटली नंबर चौदा. सकाळी आठ वाजता: काळी, खिडकीतून पाहिली. दहा वाजता: स्वच्छ. कारण: काका.’

‘कारण: काका.’ दहा वर्षांची मुलगी! एकतीस वर्षं नोकरी केली मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत, माझ्या साहेबांनासुद्धा इतका थोडक्यात अहवाल लिहिता आला नाही.

तर ताई, विनंती एवढीच. हे एक पान काढून टाका. मी फाडलं तर बरं दिसत नाही. तुम्ही आई आहात, तुम्ही शाई सांडली म्हणा, काहीही म्हणा. आणि उद्याचा दिवस तिला जरा घरी — पाणी घेता? घसा कोरडा पडलाय तुमचा. घ्या, बिनधास्त घ्या, उकळलेलं आहे. मी घरून आणतो. नळाचं मी तर —

मी नळाचं पीत नाही. सवय आहे एकेकाची.

असं काय बघता? मी काय गुन्हा केलाय? बरं, ऐका. सकाळी आठला मी आलो, कपाट उघडलं. सोळा बाटल्या स्वच्छ, सहा काळ्या. मी चिठ्ठ्या काढल्या, नव्या बाटल्यांत उकळलेलं पाणी भरलं, चिठ्ठ्या लावल्या. दहा मिनिटांचं काम. मॅडमनी सांगितलं नव्हतं हो, त्या बिचारीला तर काही ठाऊकच नाही. कुणीच सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेले. चिठ्ठी ओली केली की कशी न फाटता निघते, हे माझ्या बोटांना माहीत आहे.

कसं माहीत? नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझी एक तपासणी काळी आली. काळी आली, काळी लिहिली. साहेबांनी कागद परत पाठवला, ‘पुन्हा करा.’ पुन्हा केली, पुन्हा काळी. ‘पुन्हा करा.’ तिसऱ्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला — पुन्हा करायची ती तपासणी नव्हे, कागद. मग जमायला लागलं. साहेब म्हणायचे, या पोराच्या हाताला गुण आहे. ज्या वस्तीचं ते पाणी होतं, तिथे त्याच पावसाळ्यात कावीळ आली. आमच्या खात्याचा शिपाई तिथेच राहायचा, त्याची बायको आजारी पडली. वाचली! वाचली हो. म्हणजे, उठून बसायला चार महिने लागले तिला. तो रोज मला विचारायचा, ‘भाऊ, पाणी बरं आहे ना?’ आणि मी म्हणायचो, ‘कागद तर बरा आहे.’ त्याला वाटायचं मी गंमत करतोय. हसायचा बिचारा.

घरी आम्ही उकळून प्यायचो. पहिल्या वर्षापासून. बायकोनं एकदाच विचारलं, ‘तुमच्याच सहीचं पाणी ना हे? मग गॅस कशाला जाळायचा?’ मी गॅस मोठा केला. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण पातेलं मात्र रोज चढवलं. शेवटपर्यंत. दवाखान्यातूनसुद्धा आठवण करायची, पाणी उकळलंत का.

काय सांगत होतो मी? हां, वही. पान. ते जरा —

काय म्हणालात? कोण, धाकटा? त्याला काय झालंय? — किती दिवस? — पाच दिवस जुलाब, आणि तुम्ही आत्ता सांगताय? दात येतायत म्हणून कोण म्हणालं? शेजारीण? दात येताना पाच दिवस असं नसतं हो ताई! तोंड सुकलंय का? रडताना डोळ्यांतून पाणी येतं का? — नाही येत? मग इथे कशाला बसलात, उठा आधी, घरी जाऊन त्याला घ्या! दवाखान्यात न्या, आत्ता, डॉक्टरला सांगा पाणी खराब आहे, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी देत राहा वाटेत, उकळून गार केलेलं, नळाचं नाही — नळाला हात लावू नका! दूध पाजता ना? ते चालू ठेवा. आणि शेजारणीच्या घरी — कुठली शेजारीण, बेकरीमागच्या गल्लीतलीच ना? तिचा मुलगा इथेच येतो, नऊ नंबर. त्याचीही काळी होती.

हो, नऊ. तीन, नऊ, अकरा, चौदा, सतरा, वीस. नोंदवहीत पत्ते पाहिले मी सकाळीच. सहाच्या सहा बेकरीमागची गल्ली. म्हणजे बाटलीत चूक नाही, मुलांच्या हातात चूक नाही, तिथे नळ फुटलाय कुठेतरी गटाराशेजारी. पाहिलं, नोंदवही मिटली आणि चिठ्ठ्या ओल्या करायला घेतल्या. पाहून! तुम्हाला वाटतं, मला कळलं नव्हतं? कळायला काय लागतं हो, शेंबड्या पोरालाही कळेल.

नाही, त्या काळ्या बाटल्या फेकल्या नाहीत. सिंकखाली आहेत, फडक्याखाली. का ठेवल्या, मला विचारू नका. — घेऊन जायच्यात? सगळ्या? — न्या. ही पिशवी घ्या, उभ्या ठेवा, हिंदकळू देऊ नका. ही बघा, ठिपक्याची. गुलाबी आहे होय. पाणीखात्याच्या खिडकीवर मांडा जाऊन. ते म्हणतील तपासून सांगतो. तुम्ही हलू नका तिथून. नवऱ्याला पाठवा, शेजारच्या बायकांना पाठवा, पाच जणी एकदम गेल्या की त्यांना लगेच ऐकू येतं. पण आधी पोर. आधी दवाखाना.

मी? मी कशाला येऊ? मला उद्याची मांडामांड आहे, बशा पुसायच्यात, भिंगं मोजून घ्यायचीत, मॅडम एकट्या आहेत — आणि तिथे ओळखतात मला सगळे. खिडकीतला तो टकला माझ्याच हाताखाली तयार झालाय. तो मला बघून हसेल हो. चहा मागवेल. आणि मग मी काय सांगू त्याला?

कुणी विचारलंच, हे कुणी शोधलं, तर मुलीचं नाव सांगा. माझं नको. खोटं तर नाही ना ते?

— मुलीला हाक मारतो मी, तुम्ही निघा, ती पळत येईल मागून. वही राहू दे इथे, उद्या मांडायचीय. नाही, पान नाही फाडत मी. म्हटलं ना, नाही फाडत! आता जा हो ताई, लेकरू घरी आजीपाशी आहे, आणि तुम्ही माझं तोंड काय बघत बसलाय — जा.